लट्टलूरचे राजे, सैमूरचे मुसलमान

‘आपण मूळचे कुठले?’ या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्या आसपास फिरत असतात. पहिले उत्तर आपल्याच घरातले. नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही मोहल्ल्यात सोयरिकीची बोलणी सुरू झाली की शजऱ्याचा विषय निघतो. कुणाचे पूर्वज अरबस्तानातून आलेले असतात, कुणाचे इराणातून, तर कुणाचे थेट बुखाऱ्याहून. ‘अपन तो अरब के हैं रे बाबा’ असे सांगताना बुजुर्गांचा चेहरा खुलतो. दुसरे उत्तर चौकात ऐकू येते, निवडणुकीच्या दिवसांत जरा मोठ्या आवाजात. ‘तुम्ही बाहेरून आलात.’ पहिले उत्तर अभिमानाने दिले जाते, दुसरे तुच्छतेने. पण एका गोष्टीवर दोघांचे एकमत आहे. आपले मूळ या मातीत नाही, असे दोघेही मानतात.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. गाव लातूरकडचे, नोकरी नांदेड जिल्ह्यात. आमच्या मुलांच्या हातातले पुस्तक बालभारतीचेच असते, भाषा आणि लिपी तेवढी उर्दू. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या इतिहासात दख्खनच्या दारात मुसलमान पहिल्यांदा दिसतो तो बहुधा १२९६ साली, अल्लाउद्दीन खलजीच्या फौजेबरोबर, देवगिरीच्या पायथ्याशी. एकदा सातवीतल्या एका मुलाने विचारले, “सर, फौज आने के पहले अपन लोगां कहाँ थे?” प्रश्न साधा होता. बी.एड.ला आम्हांला टाचण काढायला शिकवले होते; पण काही प्रश्न टाचणात बसत नाहीत. या प्रश्नाचा माग काढत आम्ही समुद्रकाठच्या एका गावापर्यंत गेलो आणि तिथून पुन्हा लातूरलाच परत आलो. कसे, ते सांगायचे आहे.

बंदराचा इतिहास राजधानीच्या इतिहासापेक्षा वेगळा असतो. राजधानी राजाबरोबर उभी राहते आणि राजाबरोबर पडते. बंदराचे मालक बदलतात, बंदर चालू राहते. लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे सूर हे शहर पाहा. ते फिनिशियन लोकांनी वसवले. समुद्री गोगलगाईंपासून काढलेला तिथला जांभळा रंग राजेलोकांच्या वस्त्रांना लागे. इ.स.पूर्व ३३२ मध्ये सिकंदराने सात महिने वेढा दिला, किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्रात भराव घातला आणि शहर घेतले. त्या भरावावर वाळू साचत गेली आणि बेट जमिनीला कायमचे जोडले गेले. नंतर तिथे ग्रीक नांदले, रोमन आले, अरब आले, युरोपातले क्रुसेडवाले आले, तुर्क आले. ग्रीकांनी त्याला ‘टायरॉस’ म्हटले. पण आजही तिथला माणूस आपल्या गावाला ‘सूर’च म्हणतो, आणि हे नाव फिनिशियनांनी ठेवलेले आहे. सूर म्हणजे खडक. इतके लोक आले-गेले, नाव टिकले. मूळचे कोण आणि बाहेरचे कोण, हे अशा गावात कुणी कुणाला सांगायचे?

आपल्या महाराष्ट्रातही असे एक गाव आहे. रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेला, रेवदंड्याला लागून, कुंडलिकेच्या खाडीच्या मुखाजवळ चौल आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत त्याचे नाव ‘चेमूल’ असे येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने आपल्या समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली. ती ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध आहे. लिहिणाऱ्याचे नाव कुणाला ठाऊक नाही. त्याने आपल्या किनाऱ्यावरची बंदरे ओळीने दिली आहेत. सोपारा, कल्याण आणि त्यानंतर ‘सेमुल्ला’, म्हणजे हेच चौल. दुसऱ्या शतकात टॉलेमीनेही त्याची नोंद केली आहे.

याच पेरिप्लसमध्ये आमच्या भागाचेही नाव आहे, हे वाचून आम्ही चकित झालो. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर ‘तगर’ नावाचे फार मोठे शहर आहे, असे तो लिहितो. पैठणहून अकीकासारखे दगड येतात आणि तगरहून भरपूर साधे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल येते. हा सगळा माल बैलगाड्यांवर लादून बिकट वाटेने बंदरावर नेतात. तगर म्हणजे धाराशिव, पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले तेर. संत गोरोबाकाकांचे तेर. लातूरहून ते काही लांब नाही. तिथल्या संग्रहालयात उत्खननात आणि शेतात सापडलेल्या वस्तू ठेवल्या आहेत. तेरला मिळालेली हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आणि १९३८ साली इटलीत पाँपेईच्या ढिगाऱ्यात मिळालेली हस्तिदंती मूर्ती या जवळच्या वाटतात, असे जाणकार सांगतात. म्हणजे आज दुष्काळ आणि टँकरसाठी ओळखला जाणारा आमचा हा भाग दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या बाजारात कापड पाठवत होता. विणणारे हात इथले आणि गिऱ्हाईक समुद्रापलीकडचे.

आता मधली नऊशे वर्षे ओलांडून पुढे जाऊ. बगदादचा अल-मसूदी हा मोठा फिरस्ता आणि इतिहासकार. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, तो एका बंदरात उतरला. त्याच्या ग्रंथात त्या बंदराचे नाव ‘सैमूर’ असे आहे. उर्दू शिकवणाऱ्याला या नावाची उकल करायला वेळ लागत नाही. अरबी लिपीत ‘च’ नाही. म्हणून ‘चेमूल’मधल्या ‘च’च्या जागी साद आला, शेवटच्या ‘ल’चा ‘र’ झाला आणि चेमूलचे सैमूर झाले. आम्ही हे फळ्यावर लिहून दाखवले तेव्हा मुलांना जादूचा खेळ पाहिल्यासारखे वाटले.

मसूदी सांगतो की या गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. त्यांत सिराफ, उमान, बसरा, बगदाद इथून आलेले व्यापारी होते. पण त्यांच्याबरोबर तो आणखी एका गटाचे नाव घेतो, ‘बयासिरा’. आणि या शब्दाचा अर्थही तोच देतो. हिंदच्या भूमीत जन्मलेले मुसलमान. अल्लाउद्दीनची फौज देवगिरीला येण्याच्या पावणेचारशे वर्षे आधी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर इथेच जन्मलेले मुसलमान होते आणि त्यांच्यासाठी वेगळा शब्द वापरावा इतकी त्यांची संख्या होती. मुसलमानांचे आपसातले तंटे सोडवण्यासाठी राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. त्या पदाला ‘हुनरमन’ म्हणत. ‘हुनर’ हा फारसी शब्द आपल्या बोलण्यात आजही आहे.

हा राजा कोण? मसूदी त्याचे नाव ‘जंज’ असे देतो. हा उत्तर कोकणातला शिलाहार राजा झंझ. शिवभक्त. त्याने बारा शिवमंदिरे बांधल्याचे शिलाहारांच्या लेखांत सांगितले आहे. आणि हे शिलाहार ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुराचे स्वामी’ म्हणवतात. तगरपूर म्हणजे आपले तेर! ठाणे-कोकणावर राज्य करणारे हे घराणे आपले मूळगाव तेर असल्याचे अभिमानाने मिरवत होते.

झंझाच्या वर सम्राट होता. अरब त्याला ‘बल्हारा’ म्हणत. मूळ शब्द ‘वल्लभराज’, ही राष्ट्रकूटांची पदवी. ८५१ सालच्या सुमाराचा अरब व्यापारी सुलेमान याच्या नावावर जो वृत्तांत आहे, त्यात जगातल्या चार मोठ्या राजांमध्ये बल्हाराची गणना केली आहे, आणि अरबांवर त्याच्याइतका लोभ दुसऱ्या कुणाचा नाही, असेही म्हटले आहे. बल्हाराच्या राज्यात मुसलमानांना मान आणि संरक्षण आहे, मशिदी आहेत, असे मसूदी लिहितो. या राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. पण शिलालेखांत त्यांची पदवी आहे ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’, लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे अधिपती. बहुतेक इतिहासकार लट्टलूर म्हणजे लातूरच मानतात. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारशीही या घराण्याचे नाते होते. तिथल्या किल्ल्याचा संबंध तिसऱ्या कृष्णाशी जोडला जातो आणि गावाजवळच्या तलावाला जगत्तुंग समुद्र हे राष्ट्रकूटांच्या काळातले नाव आहे.

म्हणजे सैमूरच्या मशिदीत दहा हजार मुसलमानांची नमाज होत होती तेव्हा त्या बंदराचा राजा तेरचे नाव लावत होता आणि त्या राजाचा सम्राट लातूरचे. आमच्या सातवीतल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर शोधत आम्ही समुद्रापर्यंत गेलो आणि समुद्राने आम्हांला आमच्याच एसटी स्टँडवर आणून सोडले.

याच काळातला आणखी एक पुरावा सांगितल्याशिवाय राहवत नाही. पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळ चिंचणी येथे काही ताम्रपट मिळाले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा आहे, राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या इंद्राच्या वेळचा. त्या वेळी संजान आणि भोवतालच्या प्रदेशाचा कारभार एका अरबाकडे होता. दुसऱ्या कृष्णाने त्याला नेमले होते. संस्कृत लेखात त्याचे नाव ‘मधुमती’ असे आहे आणि तो ‘ताजिक’ असल्याचे म्हटले आहे. त्या काळी अरबांना ताजिक म्हणत. मधुमती म्हणजे मुहम्मद, असे अभ्यासक सांगतात. या मुहम्मदाने संजानमध्ये दोन प्रवाहांवर फुकट तरीची सोय केली. एक अन्नछत्र घातले, तिथे येणाऱ्याला भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने देवीसाठी मठिका उभारली, तेव्हा तिच्या खर्चासाठी याच मुहम्मदाच्या कारकिर्दीत, सम्राटाच्या संमतीने, एक गाव आणि काही जमीन दान दिली गेली. अरबाचे नाव संस्कृतात, दान देवीला आणि ते कोरले तांब्यावर. हे कुणी राष्ट्रीय एकात्मतेच्या निबंधासाठी रचलेले नाही. तो त्या काळचा रोजचा कारभार होता.

एवढे सापडल्यावर आनंदाच्या भरात हा ताम्रपट घेऊन चौकात जावे आणि ‘तुम्ही बाहेरून आलात’ म्हणणाऱ्यापुढे धरावा, असे वाटते. आम्हांलाही वाटले. पण इतिहास शिकवणाऱ्याने जरा थांबायला हवे. बल्हारा अरबांवर खूश होता, कारण अरबांच्या गलबतांबरोबर घोडे येत, सोने येत आणि बंदराला जकात मिळे. त्याला सुवर्णयुग म्हणण्याची गरज नाही. एकमेकांची गरज होती आणि त्या गरजेतून शेजार उभा राहिला. आजही शेजार बहुतेक असाच उभा राहतो.

दुसरी गोष्ट आपल्यालाच ऐकायला जड जाईल. सैमूरचे ते व्यापारी आमचे-तुमचे पूर्वज होते, असे मानायला कसलाही आधार नाही. मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्या पाहा. मोमीन, पिंजारी, अत्तार, तांबोळी, बागवान, खाटीक, मुलाणी, फकीर. ही सगळी या मातीतल्या धंद्यांची नावे आहेत. सूफींच्या पायाशी बसलेली, इथलीच कष्टकरी माणसे. कंधारला हाजी सय्याह यांच्या दर्ग्यावर उरुसाला गेलात तर दिसेल की तिथे नवस बोलणाऱ्यांना कुणी शजरा विचारत नाही. आमच्या पणजोबांनी कधी समुद्र पाहिला असेल असे वाटत नाही. पण तगरच्या ज्या कापडाची नोंद ग्रीकाने केली, ते विणणाऱ्यांत त्यांचे कुणी असण्याचा संभव बुखाऱ्याच्या अमिरापेक्षा कितीतरी जास्त आहे. ही गोष्ट अभिमानाने सांगायला आपल्याला लाज का वाटावी?

दिवाळीच्या एका सुट्टीत आम्ही चौल पाहून आलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, मधूनच विहिरीवरच्या पंपाचा आवाज. रामेश्वराचे देऊळ आणि त्याची पुष्करणी. झाडीत पडका हमामखाना. जुन्या मशिदीच्या भिंती. पलीकडे रेवदंड्याला पोर्तुगीजांचा कोट आणि त्यात उभा असलेला उंच मनोरा. रशियाचा अफानासी निकितीन १४६९ च्या सुमारास इथेच उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरला गेला. १५०८ मध्ये याच पाण्यात इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवले. १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी कोट बांधायला घेतला. १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजेने त्यालाच वेढा घातला, पण तो पडला नाही. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. तोवर मुंबई वर आली होती आणि खाडी गाळाने भरत होती. मसूदीने पाहिलेले दहा हजारांचे गाव आता वाड्यांखाली आहे. एका वाडीवाल्याने आम्हांला शहाळे दिले आणि विचारले, “तुम्ही कुठले?” आम्ही म्हटले, “लातूरचे.” “म्हणजे लांबून आलात,” तो म्हणाला.

दहा हजार हा आकडा आम्हांला आणखी एका ठिकाणी भेटला, आणि तो भेटल्यापासून सैमूरचे वर्णन आम्हांला पहिल्यासारखे निवांतपणे वाचता येत नाही. १९४८ च्या सप्टेंबरात, १३ ते १७ तारखेदरम्यान, हैदराबाद संस्थानात लष्करी कारवाई झाली. आमच्याकडचे जुने लोक तिला अजून ‘पुलिस ॲक्शन’ म्हणतात आणि आवाज खाली आणतात. त्याआधी रझाकारांनी गावोगाव हिंदूंवर जुलूम केले होते. रझाकारांचा नेता कासीम रझवी लातुरातच वकिली करत होता. हे झाकून आपले दुःख सांगता येणार नाही, सांगूही नये. कारवाईनंतर जे घडले ते पाहण्यासाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती पाठवली. तिचा अहवाल कित्येक वर्षे बंद होता, २०१३ च्या सुमारास तो वाचकांपुढे आला. सर्वांत जास्त झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. लातूर शहरात सुमारे दहा हजार मुसलमान होते. समिती गेली तेव्हा जेमतेम तीन हजार उरले होते. हजाराहून अधिक मारले गेले, बाकीचे जीव घेऊन पळाले.

लट्टलूरच्या अधिपतींच्या बंदरात दहा हजार मुसलमान सुखाने राहत होते आणि खुद्द लट्टलूरला दहा हजारांचे तीन हजार झाले. या दोन आकड्यांच्या मध्ये हजार वर्षे आहेत. मुलांना पहिला आकडा सांगून दुसरा लपवणे आम्हांला जमणार नाही. दुसराच तेवढा सांगणेही जमणार नाही. त्याच अहवालात असेही नमूद आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकरभावांना वाचवले, त्यासाठी स्वतःचे जीवही गमावले. पेरिप्लसने ज्या भागाच्या कापडाची वाखाणणी केली, त्याच मुलखातली ही गोष्ट. अहवालाने विणकरांचा वेगळा उल्लेख करावा, हे आम्हांला फार मोलाचे वाटते. मागाशी बसलेल्या माणसाला बाजूच्या मागाचा आवाज ओळखीचा असतो.

राष्ट्रकूट मळखेडला गेले, शिलाहार कोकणात गेले. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी लातूरचे आणि तेरचे नाव पदवीत वागवले. म्हणून कोकणात कुणी शिलाहारांना ‘तुम्ही बाहेरचे’ म्हणत नाही. त्यांची देवळे कोकणाचीच मानली जातात. माणूस फिरतो, मूळगावाची आठवण जवळ ठेवतो आणि जिथे राहतो तिथला होतो. राजांना जी सवलत मिळते ती पिंजाऱ्याला आणि बागवानाला का मिळू नये? आणि ज्याला फिरण्याचीसुद्धा आठवण नाही, जो पहिल्यापासून इथेच आहे, त्याने खोटी आठवण उसनी का आणावी?

२०१९-२० च्या हिवाळ्यात नागरिकत्वाच्या कायद्याची चर्चा पेटली होती, तेव्हा आमच्या शाळेत रोज माणसे येत. वयस्क माणसे, बुरख्यातल्या बायका, कुणी मजूर, कुणी रिक्षावाले. त्यांना आपल्या किंवा आपल्या अब्बांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची नक्कल हवी असे. आम्ही कपाटातून जुनी जनरल रजिस्टरे काढली. कडा झिजलेल्या, काही पानांना वाळवी लागलेली. बोट फिरवत नाव शोधायचे आणि जन्मस्थळाचा रकाना वाचून दाखवायचा. लोहा. मुखेड. कंधार. औसा. उदगीर. अर्धापूर. त्या आठवड्यांत आम्ही शेकडो नोंदी वाचल्या असतील. शजऱ्यात ज्यांचे पूर्वज बुखाऱ्याहून आले होते, त्यांच्याही रकान्यात आमच्याच तालुक्यांची नावे होती. एक म्हातारे गृहस्थ ‘मौजे’पासून पुढचा शब्द न् शब्द आमच्याकडून दोनदा वाचून घेत होते. आपल्या गावाचे नाव सरकारी शाईत पाहून त्यांना हायसे वाटले.

त्या मुलाला आम्ही शेवटी काय सांगितले? फळ्यावर ‘बयासिरा’ हा शब्द उर्दूत लिहिला, खाली देवनागरीत लिहिला आणि अर्थ दिला, ‘इथे जन्मलेले’. मग नकाशावर चौल, तेर, लातूर आणि कंधार या चार गावांवर खूण करायला त्यालाच उठवले. खूण करून झाल्यावर त्याने आपल्या गावावरही एक ठिपका दिला. तो आम्ही पुसला नाही.